कॅम्परच्या डिकीचं लॉक बदललं, माझा अनुभव

इकडे अमेरिकेत सेकंडहँड कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं फिरतं घर) घेतला, पहिल्याच ट्रिपला शेजारचे आजोबा म्हणाले थांब गंमत दाखवतो, आणि स्वतःच्या किल्लीने माझी खालची डिकी खटकन उघडली! बघितलं तर दोघांच्याही किल्लीवर सीएच७५१. इकडच्या ढीगभर आरव्हींना (अशा फिरत्या घरांना) हीच किल्ली, दुकानात सुटी पण मिळते, म्हणजे लॉक फक्त वाऱ्याने दार उघडू नये म्हणून.

बदलणं सोपंय. दार उघडून मागचा स्क्रू काढला की दार अडवणारी पट्टी सुटते, मग नट, आणि लॉक पुढून बाहेर. भोक बहुतेक पाऊण इंची असतं पण लॉकची लांबी मोजाच, ५/८, ७/८, १ १/८ इंच असे प्रकार येतात, मी अंदाजाने आणलं ते लांब निघालं, दार खुळखुळायला लागलं, परत दुकानात पळापळ. शेवटी गोल नळीसारख्या किल्लीची चार लॉकं घेतली, चारींना एकच किल्ली (बायकोची अट). जुनी पट्टी वाकडी होती तीच नव्याला लावली, नाहीतर बसेना.

दार तसं पातळच आहे म्हणा, त्यामुळे जनरेटर आतून साखळीने फ्रेमला बांधलाय.