लोखंड आणायच्या आधी: मोठ्या मॉडेल रेल्वेच्या डब्यांसाठी चाकांवरची मांडणी

कोथरूडचं भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय ज्यांनी पाहिलंय, त्यांना मॉडेल रेल्वे म्हटलं की तळहातावर मावणारा डबा आठवतो. ते माप १:८७ चं. इथे दक्षिण कॅलिफोर्नियात माझ्या गराजमध्ये जे उभं आहे ते १:८ चं, म्हणजे आपण त्या डब्यावर पाय टाकून बसतो आणि इंजिन आपल्याला ओढतं. पन्नास फुटी मालडबा या मापात ७५ इंचांचा होतो, दोन्हीकडचे कप्लर (डबे जोडणारे आकडे) धरले तर साधारण ८०. रुंदी १६ इंच, रुळापासून उंची २२-२३ इंच, आणि माझ्या डब्यांचं वजन दीडशे पौंडांच्या आसपास. असे सहा डबे जमिनीवर पसरले की बायकोची गाडी उन्हात जाते. म्हणून डबे ठेवायला मांडणी, म्हणजे रॅक, करायची: खाली कॅस्टर (ट्रॉलीला असतात तशी छोटी) चाकं, वर रूळ, एकावर एक दोन डबे.

पहिलं काम टेप घेऊन दाराशी जायचं. अमेरिकेतल्या बहुतेक गराजचं दार सात फूट, म्हणजे ८४ इंच उंच असतं. माझी पहिली मांडणी तीन मजली होती. रूळ ९, ३६ आणि ६३ इंचांवर, सगळं कागदावर नेटकं. वरच्या रुळावर २२ इंचांचा डबा ठेवला की ८५ होतात, ही बेरीज मी केली ती वेल्डिंग झाल्यावर, दारात मांडणी अडकल्यावर. शिवाय दीडशे पौंडांचा डबा ६३ इंचांवर चढवणार कोण? तेव्हा दोनच मजले करा. तिसऱ्याचा मोह होतो, सगळ्यांनाच होतो. इथे भूकंपाची जमीन आहे, १९९४ चा नॉर्थरिजचा धक्का लोक अजून विसरलेले नाहीत, आणि उंच, अरुंद, चाकांवरची वस्तू अशा वेळी काय करेल ते सांगायला नको. माझा ठोकताळा असा की पाया एकूण उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा रुंदच हवा. वरच्या डब्यासकट ५८ इंच उंची धरून मी पाया २८ ठेवला. जड डबा खाली, हलका वर. आणि भिंतीला साखळी लावायची असेल तर आतला लाकडी खांब शोधून तिथेच हूक बसवा. खांब सहसा १६ इंचांवर असतात. नुसत्या जिप्समच्या पत्र्यात बसवलेला हूक शोभेपुरता.

मग गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. इकडे पश्चिमेला साडेसात इंची रूळ चालतो, ईशान्येकडच्या राज्यांत आणि इंग्लंडमध्ये सव्वासात इंची. वॉल्ट डिस्नेच्या परसातली गाडी सव्वासातचीच होती. त्याची लाकडी वर्कशॉप आता ग्रिफिथ पार्कात लॉस एंजेलिस लाइव्ह स्टीमर्स या हौशी रेल्वे क्लबच्या आवारात उभी आहे, आणि त्यांचे रूळ मात्र साडेसातचे. पाव इंचाचा फरक डोळ्यांना कळत नाही, चाकाला कळतो. म्हणून रुळाचं अंतर टेपने ठरवू नका. तुमच्याच डब्याची बोगी (डब्याखालचा चाकांचा सांगाडा) काढून आणा, रुळावर ठेवा, हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलून पाहा. कुठेही घासायला नको. रूळ म्हणून दीड इंची, अष्टमांश इंच जाडीचा अँगल (L आकाराची पट्टी) पुरतो: एक पाख वर आडवं, दुसरं आतल्या बाजूने खाली. चाक आडव्या पाखावर चालतं, त्याची कड आतून खाली उतरते. आडव्या पट्ट्या अँगलच्या खालून गेल्या पाहिजेत, नाहीतर प्रत्येक पट्टीवर कड आपटेल.

आता लोखंडाची यादी. सांगाड्याला दीड इंची चौकोनी पाइप, १४ गेजचा (इथे गेज म्हणजे पत्र्याची जाडी). त्याहून जाड घेतला तर मांडणीच डब्याइतकी जड होते. दुकानात २० फुटांची लांबी मिळते. माझी मांडणी ८४ इंच लांब, म्हणजे २४० इंचांतून दोन लांब तुकडे काढले की ७२ उरतात आणि त्यातून २४ चे तीन निघतात, असं वाटतं. निघत नाहीत. कापणारं चाक दर कापाला अष्टमांश इंच लोखंड खातं, चार कापांत अर्धा इंच गेला, आणि तिसरा तुकडा साडेतेवीसचा राहिला. तेव्हा कापायचा नकाशा आधी कागदावर काढा, त्यात कापाची जाडी धरा, आणि एक लांबी जास्तीची आणा. एका मांडणीला मला तिरके आधार धरून ६० फुटांच्या आसपास पाइप लागला आणि २८ फूट अँगल. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो. तेलकट पाइप पुसायला ब्रेक क्लीनर तर मुळीच नको. क्लोरीनवाल्या ब्रेक क्लीनरमधून वेल्डिंगच्या उष्णतेने विषारी वायू तयार होतो. ॲसिटोनने पुसा, पूर्ण वाळू द्या, ॲसिटोनचा डबा दूर ठेवा.

कॅस्टरवर काटकसर करू नका. दोन डबे ३००, मांडणी १३० पौंडांच्या घरात, एकूण ४३०. याला चाराने भागू नका, तीनाने भागा, कारण फरशी कधीच सपाट नसते आणि एक चाक कायम अधांतरी असतं. चाकामागे १४३ आले, म्हणून मी प्रत्येकी ३०० पौंड झेलणारी, पाच इंची, पॉलियुरेथेनची घेतली. त्याहून लहान चाकं काँक्रीटच्या सांध्यांत रुततात. चारही फिरती घेतली तर मांडणी आडवी सरकवून भिंतीला लावता येते, पण मग चारही ब्रेकची हवीत. गराजची जमीन पाणी बाहेर जावं म्हणून दाराकडे उतरती केलेली असते.

डबा मांडणीवरून ट्रेलरवर न्यायचा असतो, तेव्हा दोघांची उंची जुळवा, आणि ट्रेलर रिकामा असताना एकदा व भरल्यावर एकदा मोजा. स्प्रिंग बसतात. पण उंचीपेक्षा महत्त्वाची आहे ती मधली कडी. डबा पुढे ढकलला की मांडणी मागे सरकू पाहते, ब्रेक लावले तरी, आणि मध्ये चार इंचांची फट पडली की पुढची बोगी त्यात जाते. मांडणी आणि ट्रेलरची उताराची फळी यांना जोडणारे दोन जाड पिन लोखंडाच्या यादीतच लिहून ठेवा. मागाहून सुचतात ते कधीच बसवले जात नाहीत. रुळाच्या दोन्ही टोकांना डबा अडवणारे खुंटेही यादीत हवेत, काढता-घालता येणारे.

जोडणीच्या दिवशी डबे घरात नेऊन ठेवा किंवा जाड कापडाने झाका. ग्राइंडरची लोखंडी धूळ बेअरिंगमध्ये शिरते, रंगावर बसून आठवड्यात गंजाचे ठिपके उठवते. गॅसचा गीझर गराजमध्येच असेल तर थिनर आणि रंगाचं काम बाहेर.

आधी सगळीकडे नुसते टाके मारा, पूर्ण वेल्डिंग नको. माझे सासरे त्या वेळी पिंपरीहून आले होते, आयुष्य कारखान्यात गेलेलं. चहाचा कप हातात घेऊन त्यांनी सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "गुण्यात नाही." म्हणजे कोपरे काटकोनात नाहीत. मी लेसरचं यंत्र दाखवलं. त्यांनी ते बाजूला सारून सुतळी मागितली, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत ताणली, गाठ मारली, दुसऱ्या कर्णावर धरली. गाठ कोपऱ्याच्या बोटभर अलीकडे राहिली. दोन टाके ग्राइंडरने उडवले, पट्ट्याने ओढून सरळ केलं, परत सुतळी. मग वेल्डिंग, तेही एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला, नाहीतर गरम झालेली बाजू सांगाडा आपल्याकडे ओढते. तेव्हापासून सुतळीचा गुंडा माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

रेड ऑक्साइडचा एक हात, वर रंगाचे दोन. रुळाच्या माथ्यावर रंग नको, चाकांनी तो सोलला जातो.

आणि पहिला डबा लगेच चढवू नका. दोन्ही मजल्यांच्या रुळांवर फळ्या टाका, पाच गॅलनच्या बादल्या पाण्याने भरून ठेवा, मजल्याला चार. एकेक बादली ४० पौंडांच्या वर जाते. ब्रेक लावा, चाकांभोवती खडूने खूण करा आणि रात्रभर सोडा. सकाळी खूण जागेवर असेल तर डबे आणा. पाणी कढीपत्त्याला घाला, इथे पाण्याची बिलं जबर येतात.