निर्यातीने गरीब देशाच्या पदरात काय पडले, हे कसे तपासावे

एखाद्या गरीब देशाची निर्यात वाढली, की तो देश सुधारला असे धरून चालण्याची सवय आपल्याकडे बरीच आहे. ही समजूत तपासायची असेल, तर बांगलादेशाचे तयार कपडे हे उदाहरण हाताशी घ्यावे. त्या देशातून बाहेर जाणाऱ्या मालात चार पंचमांशांहून अधिक वाटा एकट्या या धंद्याचा असल्यामुळे धागेदोरे चटकन सापडतात.

सुरुवात वजाबाकीने करावी. निर्यातीच्या रकमेतून, त्याच मालासाठी बाहेरून आणलेला कापूस, सूत, कापड आणि रंग यांची किंमत वजा केल्यावर जे उरते तेवढीच देशाची कमाई. सीमाशुल्काच्या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत होजिअरीचे कपडे 61व्या प्रकरणात आणि मागावरच्या कापडाचे कपडे 62व्या प्रकरणात येतात. ही दोन प्रकरणे वेगवेगळी वाचावीत. टी-शर्टचे कापड बहुतांशी बांगलादेशातच तयार होते आणि त्याचे सूतही बरेचसे तिथल्या गिरण्यांत निघते, तर शर्ट-पँटच्या कापडाचा मोठा भाग चीनसारख्या देशांतून येतो. त्यामुळे सारख्याच किमतीचे दोन कपडे चितगाव बंदरातून बाहेर पडले, तरी देशात मागे राहणारा पैसा सारखा नसतो.

मग कौशल्य कुठून आले ते शोधावे. 1979 मध्ये चितगावच्या देश गारमेंट्स या कंपनीने सुमारे 130 जणांना दक्षिण कोरियातील देवू कंपनीच्या बुसान येथील कारखान्यात शिकायला पाठवले. परतल्यावर काही वर्षांतच त्यांतील बहुतेकांनी कंपनी सोडली. कोणी स्वतःचे कारखाने काढले, कोणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. मालकाचे यात नुकसानच झाले, पण देशाला याहून मोठा नफा क्वचितच झाला असेल, असे माझे मत आहे.

भांडवलाची अडचण बँकेच्या कागदांनी सोडवली. परदेशी गिऱ्हाइकाने उघडलेल्या पतपत्राच्या (माल पाठवल्यावर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी), म्हणजे व्यापाऱ्यांच्या बोलीत एल.सी.च्या, आधारावर कापड आयात करण्यासाठी दुसरी एल.सी. मिळू लागली, आणि आलेले कापड शुल्क न भरता बॉन्डेड गोदामात ठेवता येऊ लागले. गाठीशी फारसा पैसा नसलेल्या माणसालाही कारखाना चालवता आला तो यामुळे. कोणत्याही देशाचा अभ्यास करताना अशा कारकुनी वाटणाऱ्या सोयी आधी हुडकाव्यात. मंत्र्यांच्या भाषणांत त्या सहसा सापडत नाहीत.

सवलतींचा हिशेब निराळा मांडावा. युरोपीय संघाने 2001 मध्ये अल्पविकसित देशांच्या, शस्त्रे सोडून जवळजवळ सर्व मालाला शुल्कमाफी दिली आणि 2011 पासून आयात केलेले कापड नुसते शिवले तरी ती लागू होऊ लागली. अमेरिकेत कपड्यांना अशी माफी नसतानाही बांगलादेशी माल तिथे खपत राहिला. सवलतीला किती श्रेय द्यायचे, हे ठरवताना ही बाब जमेस धरावी.

शेवटी कामगाराकडे वळावे. 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून 1,100 हून अधिक माणसे दगावली. आदल्या दिवशी तडे दिसल्यावर खालची दुकाने आणि बँक बंद राहिली, शिलाई कामगारांना मात्र आत बोलावले गेले. त्यानंतर परदेशी ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात करार होऊन कारखान्यांची स्वतंत्र तपासणी सुरू झाली. म्हणून मजुरीची वाढ महागाईशी ताडून पाहावीच, शिवाय इमारतीच्या तपासणीचा अहवाल मालकाचा माणूस लिहितो की बाहेरचा अभियंता, हेही विचारावे.