गावचा माळ राखायचा तर ग्रामसभेने काय करावे

वाशीम, अकोला, अमरावती, यवतमाळ आणि वर्धा या जिल्ह्यांत काळ्या जमिनीच्या कडेने, उथळ मुरमाड टेकाडांवर जे गवताळ माळ अजून शिल्लक आहेत, ते राखायचे असतील तर ग्रामसभेने पहिला ठराव तेथे नवी झाडे न लावण्याचा करावा. वीतभर मातीखाली मुरूम असलेल्या जागी चार महिन्यांच्या पावसावर गवत टिकते. खड्डे खोदून लावलेली रोपे बहुधा पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात वाळतात, आणि जगली तर सुबाभूळ किंवा गिरिपुष्पासारखी जगतात, ज्यांच्या दाट सावलीत मारवेल आणि पवन्या ही चाऱ्याची गवते तग धरत नाहीत. राज्याने २०१९ मध्ये ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. अशा वेळी जागा दाखवायची म्हणून गावोगाव माळच पुढे केला जातो, कारण तो रिकामा दिसतो. समतल चरांनाही, म्हणजे उताराला आडव्या खोदलेल्या चरांनाही, हाच नियम लावावा: माती वाहून उघडी पडलेल्या उतारावर ते जरूर घ्यावेत, पण चांगल्या गवताची मुळे उखडून घेऊ नयेत. माळावर मुळात असलेल्या बोरी, हिवर, पळस यांना मात्र कुऱ्हाड लागता कामा नये.

त्यानंतर कागद पाहावेत, कारण जमीन कोणत्या नावाने नोंदली आहे यावर पुढचा मार्ग ठरतो. वऱ्हाडात असा माळ बहुधा ई-क्लास, म्हणजे गुरे चारण्यासाठी राखलेली सरकारी जमीन, असतो. नागपूर विभागात तो झुडपी जंगल म्हणून लागलेला असू शकतो. तलाठ्याकडून सातबारा आणि गावनकाशा घ्यावा, आणि निस्तार पत्रक असेल तर त्याची नक्कल अवश्य मागावी, कारण गुरे चारणे, गवत आणि सरपण आणणे या गावाच्या जुन्या वहिवाटी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १६१ खालील या पत्रकात लिहिलेल्या असतात आणि ते पत्रक वर्षानुवर्षे कोणी उघडलेले नसते. पूर्व विदर्भातील झुडपी जंगल हे वनच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केले. जमीन वन असेल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनसंपत्तीचा दावा करता येतो. त्यासाठीच्या ग्रामसभेला किमान निम्मे सदस्य हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाला हा हक्क २००९ मध्ये मिळाला, तर अमरावती जिल्ह्यातील पायविहीर गावाने २०१२ मध्ये तो मिळवून उजाड टेकडी पुन्हा हिरवी केली. जमीन ई-क्लास असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव हेच मुख्य साधन आहे. गायरानावरील अतिक्रमणांबाबत सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा निकाल आणि त्यानंतर १२ जुलै २०११ रोजी निघालेला शासन निर्णय ठरावात नमूद करावा. तथापि त्याच जमिनीवर गावातील भूमिहीनांची जुनी वहितीही असते. तिचा प्रश्न बाजूला ठेवून संवर्धनाची भाषा केली, तर पहिल्याच सभेत गाव दुभंगते. म्हणून वहितीखालची जमीन मोजून वेगळी दाखवावी आणि उरलेल्या माळाबद्दलच बोलावे.

सभेआधी शिवारफेरी काढावी, आणि तिच्यात सरपंचापेक्षा गुरे राखणारे गायकी, गवत कापणाऱ्या बाया आणि जवळच्या बेड्यावरील (वस्तीवरील) फासेपारधी यांना पुढे चालू द्यावे. तितर कोठे बसतो, कोणते गवत गाय सोडून देते आणि कोणत्या खोलगटात पाणी मार्गशीर्षापर्यंत थांबते, हे त्यांना ठाऊक असते. वाशीम-अकोला भागात फासेपारध्यांनी तणमोर हा माळावरचा पक्षी आणि त्याचे गवत राखण्याच्या कामात घेतलेला पुढाकार याचीच साक्ष देतो. महिलांची सभा नियमानुसार ग्रामसभेच्या आधी होतेच. चराईबंदीचा विषय तेथे आधी मांडावा, कारण बंदीच्या काळात बांधावरून, धुऱ्यावरून चारा आणण्याचे काम बायांच्याच डोक्यावर येते. त्यांनी नकार दिला तर बंदीचे क्षेत्र कमी करावे. ती रेटून नेऊ नये.

फेरीत गवत बसून पाहावे लागते. माळ फार चरला गेला असेल तर उघड्यावर कुसळी, तरोटा आणि गाजर गवत दिसते, पण बोरीच्या काटेरी जाळीत हात घातला तर आत मारवेलाचे निळसर, पेरांवर बारीक केस असलेले ताट सापडते, कारण तेथवर गुराचे तोंड पोहोचत नाही. असे एक ताट सापडले की त्या माळात अजून बीज आहे, असे समजावे. हीच जाळी पुढे बियाण्याची कोठी होते, म्हणून कुंपणासाठी काटे तोडताना ती शाबूत ठेवावी.

चराईचा नियम साधा असावा. माळाचे तीन किंवा चार भाग पाडून त्यांपैकी एक भाग मृग लागल्यापासून दिवाळी होईपर्यंत पूर्ण बंद ठेवावा आणि दर वर्षी बंद भाग बदलावा. संपूर्ण माळ बंद करण्याचा उत्साह टाळावा. गुरे असलेली कुटुंबे अशी बंदी दोन महिन्यांत मोडतात, आणि गवत कधीच चरले-कापले गेले नाही तर जुन्या वाळक्या काड्यांखाली नवे फुटवे गुदमरतात. आर्वी भागातील गवळाऊ गाई आणि त्या पाळणारे गवळी अशाच माळांवर टिकले आहेत, हे विसरून चालणार नाही. बंद भागातील गवत बी झडल्यावरच, म्हणजे साधारणतः दिवाळीनंतर, इळ्याने चार बोटे बुडखा ठेवून कापावे. भारे घरटी वाटावेत की लिलाव करावा, हे गावाने ठरवावे. माझे मत घरटी वाटपाच्या बाजूचे आहे, कारण लिलावात गुरे नसलेला व्यापारीच सहसा सर्वांत मोठी बोली लावतो.

बाहेरून मेंढ्या आणि उंट घेऊन येणाऱ्या काठेवाड्यांशी भांडण होण्याआधी बोलावे. त्यांचा वाटेवरचा मुक्काम, पाण्याची जागा आणि खुला भाग आखून द्यावा. भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क वनहक्क कायद्यानेही मान्य केलेला आहे.

जेथे गवत अजिबात उरले नाही, तेथेच पेरणी करावी. कार्तिकात जाळीतील मारवेल, पवन्या आणि डोंगरी यांचे पिकलेले तुरे हाताने ओरबाडून गोणपाटात कोरड्या जागी ठेवावेत, कारण ताजे बी नीट उगवत नाही, काही महिने मुरल्यावर उगवते. मृगाच्या आधी ते शेणमातीत कालवून फेकावे. मारवेलाचे मुळांसह ठोंब पाऊस बसल्यावर लावले तर अधिक खात्रीचे. गाजर गवत आणि घाणेरी फुलावर येण्याआधी उपटाव्यात, आणि हे काम लागोपाठ काही वर्षे करावे लागेल हे आधीच सांगून ठेवावे.

पावसाळ्यातील बंदीचा दुसरा लाभ पक्ष्यांना होतो. तणमोर, चंडोल, टिटवी, तितर ही सारी जमिनीवर अंडी घालणारी मंडळी आहेत. तणमोराचा नर तर मादीचे लक्ष वेधण्यासाठी उंच गवतातून दिवसात शेकडो उड्या मारतो, आणि २०२१ पासून तो जगभरात अतिसंकटग्रस्त गणला जातो. मोकाट कुत्री ही या घरट्यांची आणि काळविटांच्या पाडसांची मोठी शत्रू आहेत, त्यामुळे गावातील खरकटे आणि मेलेली जनावरे उघड्यावर टाकणे बंद करणे हेही माळ राखण्याचेच काम समजावे. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी केलेल्या नुकसानीची तक्रार सभेत निघणारच. ती खरी असते. भरपाईचा अर्ज भरून देण्यासाठी दोन शिकलेली मुले नेमावीत, म्हणजे नुकसानीचा राग माळावर निघत नाही.

वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. त्याआधी माळाच्या कडेने आणि भागांच्या सीमेवर गवत काढून जाळरेषा मोकळ्या कराव्यात.

जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते. पुष्कळ ठिकाणी ती कागदावरच असते. तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत माळाला स्वतंत्र पाने द्यावीत. दर वर्षी पोळ्यानंतर आणि माघात, ठरलेल्या दगडावर उभे राहून एकाच दिशेने छायाचित्र घ्यावे, एक मीटर लांब-रुंद चौकटीत किती जातींची गवते आहेत ते मोजावे, आणि किती भारे निघाले ते लिहावे. नोंदवहीच्या पानांना क्रमांक, प्रत्येक नोंदीखाली तारीख आणि समिती सदस्यांच्या सह्या असाव्यात, आणि एक प्रत ग्रामपंचायतीबाहेर शाळेत ठेवावी. उद्या खदानीसाठी किंवा सौर प्रकल्पासाठी याच जमिनीची मागणी आली, तर ग्रामसभेच्या ठरावाला जोडायला गावाचा वापर दाखवणारा हा पुरावा हाताशी राहतो.