लडाखची छोटी सहल : या चुका टाळा

महाराष्ट्रातून लडाखला जाणाऱ्या बहुतेक मंडळींची सहल पाच-सहा रात्रींची असते. विमानाने लेहला उतरायचे, नुब्रा खोरे आणि पँगाँग तलाव पाहायचा आणि परत फिरायचे, असा तिचा साधारण बेत असतो. सहल कंपनी, गाडी, ड्रायव्हर आणि मुक्काम हे सगळे आधी ठरलेले असल्याने आपल्याला स्वतः काही विचार करण्याची गरज नाही, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात अशा सहलीत होणारा त्रास बहुतेक वेळा कार्यक्रमपत्रिकेतच दडलेला असतो आणि पैसे भरण्यापूर्वी ती नीट वाचली, तर त्यातला बराचसा टाळता येतो.

स्थळे मोजणे, मुक्कामाची उंची न पाहणे

दोन सहलींची तुलना करताना आपण कोणत्या सहलीत किती ठिकाणे आहेत हे पाहतो. लडाखच्या बाबतीत पाहायचे असते ते वेगळेच : कोणत्या रात्री आपण किती उंचीवर झोपणार आहोत. दिवसा एखादी उंच खिंड तास-दीड तासात ओलांडून खाली उतरणे शरीर बहुधा सहन करते, पण उंचावरची झोप त्याला जड जाते, कारण झोपेत श्वास मंदावतो आणि रक्तातला प्राणवायू आणखी कमी होतो. म्हणूनच ३००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यावी, असा गिर्यारोहणातील वैद्यकशास्त्राचा सर्वमान्य नियम आहे.

आता हा नियम नकाशावर लावून पाहू. लेह शहर सुमारे ३५०० मीटरवर आहे. नुब्रा खोऱ्यातील दिस्कित आणि हुंदर ही गावे सुमारे ३१०० मीटरवर, म्हणजे लेहपेक्षाही खाली आहेत. पँगाँग मात्र सुमारे ४२५० मीटरवर आहे, हानले सुमारे ४३०० मीटरवर, तर त्सो मोरिरी तलाव ४५०० मीटरच्याही वर आहे. त्यामुळे लेहमधील निदान दोन रात्री, त्यानंतर नुब्रा आणि शेवटी पँगाँग हा क्रम नियमात पूर्ण बसत नसला, तरी शरीराला त्यातल्या त्यात मानवतो. दुसऱ्याच दिवशी पँगाँगला मुक्कामाला नेणारी सहल कितीही स्वस्त असली तरी ती नाकारावी. नुब्रातून लेहला न परतता श्योक नदीच्या काठाने अगम आणि दुरबुकमार्गे थेट पँगाँगकडे जाता येते. या वाटेने गेल्यास चांग ला ही खिंड जाताना ओलांडावी लागत नाही, त्यामुळे दिवसही वाचतो आणि शरीरावरचा ताणही. एवढे करूनही पँगाँगची रात्र ही या सहलीतील सर्वांत कठीण रात्र असते. सोबत वयस्कर मंडळी असतील, तर तलाव दिवसा पाहून मुक्कामाला अलीकडच्या तांगत्से गावात उतरावे, असे माझे स्पष्ट मत आहे. ते गाव तलावापेक्षा तीनएकशे मीटर खाली आहे आणि तेथील घरगुती मुक्कामाची सोय तलावाकाठच्या तंबूपेक्षा अधिक उबदार असते.

रस्त्याने जाणाऱ्यांसाठीही हाच विचार लागू पडतो. श्रीनगरहून निघाल्यास कारगिलचा मुक्काम सुमारे २७०० मीटरवर होतो आणि शरीराला टप्प्याटप्प्याने सवय होते. मनालीहून निघाल्यावर पहिलीच रात्र सरचूला, म्हणजे जवळपास ४३०० मीटरवर काढणे ही जुनी आणि अजूनही सर्रास होणारी चूक आहे. जाताना श्रीनगरमार्गे आणि येताना मनालीमार्गे, हा क्रम सर्वांत चांगला.

पहिला दिवस ‘वाया घालवायचा नाही’ हा हट्ट

लेहची विमाने बहुतांशी सकाळी उतरतात, कारण दुपारनंतर खोऱ्यात वारे जोर धरतात. साहजिकच सकाळी नऊ-दहा वाजता हॉटेलवर पोहोचलेल्या माणसाला पूर्ण दिवस मोकळा दिसतो आणि ‘निदान शांती स्तूप तरी पाहून येऊ’ असा विचार बळावतो. उतरल्यावर पहिले काही तास ताजेतवाने वाटते हे खरे असले, तरी विरळ हवेचा त्रास साधारण सहा ते बारा तासांनी, म्हणजे नेमका संध्याकाळी किंवा रात्री जाणवू लागतो. मुंबईची समुद्रसपाटी सोडून एकदम लेहला उतरलेल्या शरीराला हवेचा दाब सुमारे दोन-तृतीयांशच मिळत असतो. घरून नेलेले वेफर्सचे पाकीट बॅगेतून बाहेर काढले, की ते उशीसारखे टम्म फुगलेले दिसते आणि बाहेरचा दाब किती घटला आहे, हे त्यावरून डोळ्यांनाच कळते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘लडाखमध्ये झाडे नाहीत म्हणून प्राणवायू कमी आहे’ असे अनेकदा सांगितले जाते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही सुमारे २१ टक्केच असते. कमी होतो तो हवेचा दाब, आणि त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर आत जाणारा प्राणवायू घटतो. म्हणूनच हिरव्यागार नुब्रात किंवा लेहच्या सफेद्याच्या झाडांखाली बसल्याने हा त्रास टळत नाही.

पहिल्या दिवशी खोलीवर आराम करावा, हलके जेवावे, थोडे थोडे पाणी पीत राहावे आणि संध्याकाळी फार तर बाजारात सावकाश फेरी मारावी. दिवसभर गाढ झोप काढणेही टाळावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या या दोन्हींमुळे श्वास मंदावत असल्याने सुरुवातीचे दोन-तीन दिवस त्या वर्ज्यच समजाव्यात. दुसऱ्या दिवशी शाम खोऱ्याची सहल सर्वांत योग्य ठरते. निमू येथील सिंधू-झंस्कार संगम आणि आल्चीचा सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचा मठ लेहपेक्षा कमी उंचीवर आहेत आणि आल्चीच्या भिंतींवरील चित्रे घाईने पाहण्यासारखी नाहीतच.

ट्रेकिंगची सवय म्हणजे संरक्षण, असे मानणे

दर रविवारी सह्याद्रीत जाणाऱ्या तरुणांना हा धोका अधिक असतो, कारण त्यांचा स्वतःवर विश्वास असतो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच आहे आणि लेहचे विमानतळच त्याच्या जवळपास दुप्पट उंचीवर आहे. पायांची ताकद आणि दम यांचा विरळ हवेशी जुळवून घेण्याच्या क्षमतेशी थेट संबंध नसतो. उलट, सशक्त माणूस वेगाने चालतो, जिने धावत चढतो आणि म्हणून आधी आजारी पडतो.

जाण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यायचा तो ‘काही होत नाही ना’ एवढे विचारण्यासाठी नसावा. हृदयविकार, दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार, अनियंत्रित रक्तदाब आणि गर्भारपण यांची स्पष्ट चर्चा करावी. विदर्भातील आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतील वाचकांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. या भागात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे प्रमाण लक्षणीय आहे आणि केवळ वाहक असलेल्या, एरवी पूर्ण निरोगी असलेल्या व्यक्तीलाही अति उंचीवर प्लीहेला, म्हणजे पोटात डाव्या बरगडीखाली असणाऱ्या अवयवाला, इजा होऊ शकते. कुटुंबात कोणाला सिकलसेल असल्यास आधी रक्ततपासणी करून घ्यावी आणि डाव्या बरगडीखाली तीव्र वेदना झाल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे सर्वसामान्यांच्या तोंडी असलेली डायमॉक्स, ही गोळी शरीराची जुळवून घेण्याची क्रिया वेगवान करते. ती डॉक्टरांना विचारूनच आणि शक्यतो प्रवासाच्या आदल्या दिवसापासून सुरू करायची असते. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असल्यास ते डॉक्टरांना सांगायलाच हवे. बोटांना मुंग्या येणे आणि वारंवार लघवीला जावे लागणे हे तिचे नेहमीचे परिणाम असल्याने त्याने घाबरून जाऊ नये. मात्र गोळी घेतली म्हणून विश्रांतीचा दिवस गाळता येत नाही.

त्रास लपवणे, किंवा यंत्रावर विसंबणे

गटाचा बेत आपल्यामुळे बिघडू नये म्हणून डोकेदुखी लपवणारी माणसे, विशेषतः आपल्याकडच्या गृहिणी आणि आजी-आजोबा, प्रत्येक सहलीत असतात. डोके दुखणे, मळमळ, भूक मरणे, चक्कर आणि झोप न लागणे ही विरळ हवेच्या आजाराची पहिली लक्षणे आहेत. ती दिसली, की त्या दिवशी आणखी उंचावर मुक्कामाला जायचे नाही. थांबल्यावर बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. रोज सकाळी नाश्त्याच्या वेळी ड्रायव्हरने किंवा सहल संयोजकाने प्रत्येकाला नाव घेऊन ‘रात्री झोप लागली का, डोके दुखते का’ असे विचारावे, हा आग्रह आपणच धरावा.

काही लक्षणे मात्र थांबून पाहण्याची नसतात. बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला, गुलाबी किंवा फेसाळ कफ ही फुफ्फुसात पाणी साचत असल्याची चिन्हे आहेत. बोलण्यात विसंगती, अनावर गुंगी आणि तोल जाणे ही मेंदूला सूज येत असल्याची चिन्हे आहेत. संशय आल्यास त्या व्यक्तीला सरळ रेषेत, एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या अंगठ्याला लावत दहा पावले चालायला सांगावे. झोक जात असेल, तर सकाळची वाट न पाहता तिला खाली न्यायला हवे.

आणि येथेच पँगाँगची खरी अडचण आहे. तेथून लेहला परतायचे तर आधी ५३०० मीटरहून उंच चांग ला चढावी लागते, म्हणजे खाली उतरण्यासाठी हजारभर मीटर वर जावे लागते. त्यामुळे रुग्णाला प्रथम खालच्या तांगत्सेला न्यावे, तेथे आरोग्य केंद्रात प्राणवायू सुरू करावा आणि पुढचा निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. श्योकमार्गे नुब्राकडे उतरणे हा खिंड टाळणारा पर्याय आहे. नुब्रात असताना त्रास झाला, तर खार्दुंग ला ही उंच खिंड ओलांडून लेह गाठण्याच्या घाईपेक्षा दिस्कितचे रुग्णालय जवळचे आणि सुरक्षित. गाडीत प्राणवायूचा मोठा सिलिंडर आहे का, तो भरलेला आहे का आणि ड्रायव्हरला तो जोडता येतो का, ही तपासणी लेह सोडण्यापूर्वी करावी. दुकानात मिळणारा छोटा डबा काही मिनिटांत संपतो आणि तेवढ्यापुरता धीर देतो, उपचार करत नाही.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचाही अतिरेक होतो. लेहमध्ये पहिल्या दिवशी निरोगी माणसाचाही आकडा नव्वदच्या खाली दिसू शकतो आणि गार पडलेल्या बोटावर तो आणखी चुकतो. आकडा बरा असूनही माणूस आजारी असू शकतो, म्हणून लक्षणांना आकड्यापेक्षा अधिक महत्त्व द्यावे.

वाळवंट आहे हे विसरणे

हिमालयाच्या पर्जन्यछायेत असलेल्या लेहला वर्षाला सुमारे १०० मिलिमीटर पाऊस पडतो. हवा इतकी कोरडी असते, की घाम आल्याचे कळत नाही, ओठ फुटतात, नाकातून क्वचित रक्तही येते. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी आणि अधूनमधून ओआरएस घ्यावे. ऊन सौम्य भासले तरी अतिनील किरणे तीव्र असतात, तेव्हा गॉगल आणि सनस्क्रीन बर्फात जाणाऱ्यांपुरते नाही. जुलैमध्ये दुपारी टी-शर्ट पुरेसा वाटतो आणि त्याच रात्री पँगाँगला थर्मल, कानटोपी, हातमोजे सगळे लागते.

हिमनद्यांतून येणारे ओढे सकाळी घोटाभर असतात आणि ऊन चढल्यावर फुगतात. त्यामुळे श्योकच्या रस्त्याला भल्या सकाळी निघायचे, असे ड्रायव्हर सांगतो तेव्हा नाश्त्यासाठी अडून बसू नये. पाऊस कमी म्हणून कोरड्या ओढ्याच्या पात्रालगतचा तंबूही निवडू नये. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला झालेल्या ढगफुटीत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, ती अशाच कोरड्या डोंगरउतारांवरून आलेल्या चिखलाने.

या प्रदेशात पाणी वितळणाऱ्या बर्फाचे आणि मोजके असते. दोनदा शॉवर घेणे, रोज टॉवेल धुवायला टाकणे हे तेथील गावकऱ्यांच्या शेतावर पडणारे ओझे आहे. मार्मोटना, म्हणजे बिळात राहणाऱ्या डोंगरी खारींना, बिस्किटे खाऊ घालणे आणि कियांगांच्या, म्हणजे रानगाढवांच्या, मागे गाडी पळवणे यांतही त्या प्राण्यांचे नुकसान आहे. ओल्या कुरणावरून एकदा गेलेल्या चाकाची खूण वर्षानुवर्षे राहते, म्हणून ड्रायव्हरने गाडी रस्त्यावरून उतरवायला नकार दिला, तर त्याला जास्तीच्या पैशांचे आमिष दाखवू नये.

कागदपत्रे, फोन आणि परतीचे विमान

महाराष्ट्रातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. तेही लेहबाहेर अनेक ठिकाणी बंद असते. घरच्यांना तसे आधीच सांगून ठेवावे. एटीएम लेह आणि दिस्कितसारख्या मोठ्या ठिकाणीच असल्याने पुरेशी रोकड जवळ असावी. सोबत परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक असतील, तर त्यांना नुब्रा-पँगाँगसाठी संरक्षित क्षेत्राचा वेगळा परवाना लागतो आणि तो नोंदणीकृत सहल संस्थेमार्फत काढावा लागतो, त्यामुळे ऐनवेळी त्यांना लेहमध्ये एकटे ठेवण्याची पाळी येऊ शकते.

परतीच्या आदल्या रात्री मुक्काम लेहमध्येच हवा. पँगाँगहून थेट विमानतळ गाठण्याचा बेत चांग लावरच्या एका बर्फवृष्टीने कोसळतो. हवा बिघडल्यास लेहची विमाने रद्द होतात, आणि त्या दिवशीची सगळी रद्द झाली तर दुसऱ्या दिवशी जागा मिळेलच असे नाही. दिल्लीहून मुंबई-पुण्याचे पुढचे विमान वेगळ्या तिकिटावर असेल, तर ते त्याच दिवशीचे काढू नये. मध्ये एक रात्र मोकळी ठेवावी आणि नियमित औषधे तीन-चार दिवस जास्त पुरतील इतकी, सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवावीत.