कुत्र्याला संत्रं द्यायचं असेल तर

संत्रं आणि मोसंबीचा नुसता गर थोडा दिला तर चालतो. लिंबू आणि ग्रेपफ्रूट देऊच नका.

खरी अडचण सालीत, बियांत आणि पानांत आहे. तिथे लिमोनीन, लिनालूल यांसारखी तेलं आणि सोरालेन नावाची द्रव्यं असतात. ती पोटात गेली की उलट्या, जुलाब, सुस्ती येते. सोरालेनमुळे त्वचा उन्हाला हळवी होऊ शकते.

द्यायच्या आधी संत्रं पूर्ण सोला, पांढरे दोरे जमतील तेवढे काढा. प्रत्येक फोड उघडून बिया काढा आणि गराचे लहान तुकडे करा, कारण कुत्री चावत बसत नाहीत, गिळतात. पहिल्यांदा एकच तुकडा द्या आणि दिवसभर शी कशी होते ते बघा. पचलं तर लहान कुत्र्याला एक फोड, मोठ्याला दोन-तीन, तेही अधूनमधून. वरच्या खाऊतून दिवसाच्या कॅलरींपैकी १० टक्क्यांहून जास्त जाऊ नयेत असा नियम आहे. त्या हिशेबात साधारण १० किलोच्या कुत्र्याला अख्खं संत्रंही बसेल, पण त्याआधीच आंबटपणाने पोट बिघडतं. तेव्हा इथे कॅलरी नाही, फोडी मोजा.

क जीवनसत्त्वासाठी म्हणून देत असाल तर गरज नाही. ते कुत्र्याच्या यकृतात आपोआप तयार होतं. मधुमेह असलेल्या किंवा वजन वाढलेल्या कुत्र्याला संत्रं टाळलेलंच बरं.

रसही नको. साखर तेवढी राहते, चोथा जातो. बिनसाखरेच्या मुरंब्यात किंवा पेयात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असेल तर ते कुत्र्याची रक्तातली साखर झपाट्याने खाली आणतं, यकृतही निकामी करू शकतं. ते खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता डॉक्टर गाठा. पिसवांवर लिंबाचं किंवा संत्र्याचं तेल चोळण्याचा उपाय तर अजिबात करू नका. कुत्रा अंग चाटतो आणि तेच तेल पोटात जातं.

साल खाल्लीच, तर उरलेली काढून घ्या, तोंड पाण्याने पुसा, प्यायला पाणी ठेवा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. किती खाल्लं आणि कधी, हे लिहून पशुवैद्यांना फोन करा. पुन्हा पुन्हा उलटी, तोल जाणं, थरथर दिसली तर थेट घेऊन जा. लहान कुत्र्याने सालीचा मोठा तुकडा गिळला असेल तर तो आतड्यात अडकू शकतो: जेवण बंद, शी बंद, पोट कडक. हे दुसऱ्या दिवशीही दिसू शकतं, म्हणून पहिल्या रात्री कुत्रा बरा वाटला तरी लक्ष ठेवा.