धर्मकाट्याचे वजन रास्पबेरी पायमध्ये येत नसेल तर

दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते, काट्याच्या इंडिकेटरवर, म्हणजे वजन दाखवणाऱ्या डब्यावर, आकडा स्पष्ट दिसतो, पण तो रास्पबेरी पाय या छोट्या संगणक-बोर्डापर्यंत (पुढे नुसते पाय) पोहोचत नसल्याने काटापट्टी, म्हणजे वजनाची पावती, निघत नाही. अशा वेळी घाईने प्रोग्राममध्ये हात घालू नये. आधी वायर, मग बोर्ड आणि सर्वांत शेवटी प्रोग्राम, हाच क्रम ठेवावा. पुढील पद्धत पाय ३ आणि ४ या बोर्डांसाठी आहे.

सर्वप्रथम मल्टिमीटर घ्यावा. इंडिकेटरच्या नऊ पिनी सॉकेटमध्ये ५ क्रमांकाची पिन सहसा ग्राउंड असते. तिथे काळी प्रोब धरून २ आणि ३ या पिनांवर लाल प्रोब आळीपाळीने लावावी. ज्या पिनेवर उणे ५ ते उणे १२ व्होल्टच्या आसपास दाब दिसेल, ती इंडिकेटरची पाठवणारी पिन होय आणि जोडणी आरएस-२३२ या जुन्या सीरियल पद्धतीची आहे असे समजावे. पायच्या पिना फक्त ३.३ व्होल्ट सहन करतात, त्यामुळे ही वायर थेट जोडल्यास बोर्ड कायमचा निकामी होऊ शकतो. मध्ये आरएस-२३२ चा दाब ३.३ व्होल्टवर आणणारे मॅक्स-३२३२ मॉड्यूल हवेच, आणि त्याला वीजही पायच्या ३.३ व्होल्टच्या पिनेवरूनच द्यावी.

त्यानंतर रास्पी-कॉन्फिग या पायच्या सेटिंग प्रोग्राममध्ये सीरियल पोर्टवरील लॉगिन शेल बंद आणि हार्डवेअर चालू करून पाय पुन्हा सुरू करावा. मॉड्यूल काढून पायच्या ८ आणि १० क्रमांकाच्या पिना एका छोट्या वायरने जोडाव्यात व मिनीकॉम या सीरियल पोर्टवर अक्षरे पाठवून पाहण्याच्या प्रोग्राममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद ठेवून काही अक्षरे टाइप करावीत. तीच अक्षरे परत दिसली, तर बोर्ड निर्दोष आहे. मग मॉड्यूल बसवून त्याच्या आरएस-२३२ बाजूच्या २ व ३ पिना जोडून हीच चाचणी करावी. तीही यशस्वी झाली, तर दोष केबलमध्ये किंवा इंडिकेटरच्या सेटिंगमध्ये आहे, हे दहा मिनिटांत निश्चित होते. काही इंडिकेटर प्रिंटचे बटण दाबल्याशिवाय काहीच पाठवत नाहीत, हेही तपासावे.

अक्षरे येतात पण विचित्र येतात, हा प्रकार अधिक फसवा असतो. पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये भरलेल्या गाडीचे ३६५० किलो अचूक आले, आणि तीच गाडी रिकामी होऊन २४१० वर आली तेव्हा शेवटचे शून्य सोडून बाकी सर्व चिन्हे बिघडलेली होती. पाठवण्याचा वेग (बॉड रेट) चुकला असता तर सगळेच बिघडले असते. इंडिकेटर ७ बिट व सम पॅरिटीवर (प्रत्येक अक्षरातील एकांची संख्या सम करणारा, चूक पकडण्यासाठीचा जादा बिट) पाठवत होता आणि पाय ८ बिट, पॅरिटीविना वाचत होता. त्यामुळे ०, ३, ५, ६, ९ हे अंक योग्य येतात, तर १, २, ४, ७, ८ यांच्यावर पॅरिटीचा बिट चढून ते बिघडतात. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

येथे आणखी एक अडचण आहे. पाय ३ व ४ मध्ये मूळ सेटिंगनुसार चांगला यूएआरटी, म्हणजे सीरियल अक्षरे पाठवणारा-घेणारा भाग, ब्लूटूथकडे जातो आणि पिनांवर मिनी यूएआरटी येतो, ज्याला पॅरिटी समजतच नाही. वरचा बिट प्रोग्राममधून काढून टाकता येतो, परंतु मग चुकीचा अंक पकडण्याची सोय राहत नाही. शेतकऱ्याचा पैसा ज्या आकड्यावर ठरतो, तिथे ही पळवाट मला मान्य नाही. इंडिकेटरचे सेटिंग बदलता येत असेल तरीही पॅरिटी चालूच ठेवावी, आणि पायच्या कॉन्फिग फाइलमध्ये ब्लूटूथ बंद करणारा ओव्हरले (हार्डवेअरची मांडणी बदलणारी ओळ) टाकून पूर्ण यूएआरटी पिनांवर आणावा.

सर्व जुळल्यावरही जिनची मोटर सुरू होताच वजन तुटत असेल, तर सीरियल केबल मोटरच्या केबलपासून दूर न्यावी. काटा आणि कार्यालय यांत पंधरा मीटरहून जास्त अंतर असेल, तर दोन्ही टोकांना परिवर्तक बसवून लांब अंतरासाठीची आरएस-४८५ ही सीरियल पद्धत वापरावी.