रेडिएटरचे पाइप घरी बदलताय? या चुका टाळा

मे महिन्यात खंबाटकी घाट चढला असाल, तर कडेला बॉनेट उघडी टाकलेली गाडी आणि पाण्याची बाटली घेऊन तिच्याभोवती घुटमळणारा मालक पाहिला असेल. एका वर्षी तो मालक मी होतो. रेडिएटरचा वरचा होज पाइप क्लिपेजवळ उभा फाटला होता. आदल्याच आठवड्यात तो फडक्याने पुसून मी 'चांगला आहे की' म्हटलं होतं.

तीच पहिली चूक: पाइप डोळ्यांनी तपासणं. हे रबर बरेचदा आतून मरतं. कूलंट (इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारा द्रव), पाइप ज्यावर चढतो ते धातूचं तोंड आणि रबर यांची मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते. तिच्यामुळे पाइपाला आतून बारीक उभ्या चिरा पडतात आणि त्याही बहुधा दोन्ही टोकांशी, क्लिपेपासून इंच-दोन इंचांत. इंजिन पूर्ण थंड असताना पाइप आधी मध्यावर आणि मग टोकाशी चिमटीत दाबून पाहा. टोकाला जास्त मऊ लागला किंवा आत फट असल्यासारखं बोटांना जाणवलं, तर तो बदला. कडक होऊन करकरत असेल तरीही बदला. फुगून चिकट झाला असेल तर वरून इंजिन ऑइल गळतंय, ते आधी बघा. नाहीतर नवा पाइपही तसाच जाईल.

दुसरी चूक घाईची. रेडिएटरच्या झाकणावर 0.9 किंवा 1.1 बार असा दाबाचा आकडा छापलेला दिसतो. 0.9 बार दाबाखाली साधं पाणीसुद्धा 118 अंशांच्या आसपास उकळतं. म्हणजे आत 110 अंशांचं पाणी शांत बसलेलं असू शकतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी उसळून वाफेसकट तोंडावर येतं. त्यामुळे हे काम सकाळी, रात्रभर उभ्या गाडीवर करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा, कारण काही गाड्यांचा पंखा चावी काढल्यावरही अचानक फिरतो.

आता माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. जुना पाइप तोंडावर चिकटून बसतो. मी पक्कड लावून पिळला, 'कट्' आवाज आला आणि पाइपाबरोबर रेडिएटरचं प्लास्टिकचं नळकांडंच हातात आलं. काही शेकड्यांचा पाइप वाचवताना काही हजारांचा रेडिएटर गेला! पाइप फेकायचाच आहे, तर त्याच्यावर जीव कशाला लावायचा? टोकाशी ब्लेडने उभी चीर द्या आणि केळ्याच्या सालीसारखा सोलून काढा. ब्लेड खोल घालू नका. नळकांड्यावर ओरखडा उठला की गळती तिथूनच सुरू होते. पाइप निघाल्यावर तोंडावरचा पांढरा क्षार आणि रबराचे तुकडे बारीक पॉलिश पेपरने साफ करा. हे न करता नवा पाइप चढवला की लोक क्लिपेला शिव्या घालत बसतात.

खरेदीला जाताना जुना पाइप बरोबर न्या. पुण्यात नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानदाराला गाडीचं मॉडेल सांगून भागत नाही, पाइपांची वळणं एकमेकांशेजारी धरून बघावी लागतात. 'हा कुठेही बसतो' म्हणून मिळणारा सरळ पाइप वाकवून बसवला, तर तो वळणावर दबतो आणि पाणी अडतं. खालच्या पाइपात काही गाड्यांना आत स्प्रिंग असते. पंपाच्या ओढीने पाइप चपटा होऊ नये म्हणून ती असते, तेव्हा जुन्यात असेल तर नव्यातही हवीच. वरचा आणि खालचा एकदमच बदला. इंजिनामागे दडलेले हीटरचे दोन बारीक पाइपही विसरू नका.

बसवताना पाइप सरकत नाही म्हणून ग्रीस किंवा तेल लावतात. ते रबराला फुगवतं. साबणाचं पाणी किंवा थोडं कूलंट पुरेसं आहे. सीलंट तर अजिबात नको, त्याचा सुटलेला तुकडा रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो. क्लिप पाइपाच्या अगदी टोकावर नको आणि तोंडावरच्या उंचवट्यावरही नको, उंचवट्याच्या मागे हवी. स्क्रूची क्लिप रबर बाहेर येईपर्यंत आवळू नका. मूळची स्प्रिंगची क्लिप चांगली असेल तर तीच वापरा, गरम-थंड होताना ती आपोआप सैल-घट्ट होते. आणि पाइप चढवण्याआधी क्लिप त्यात ओवा. हसू नका, मी दोनदा विसरलोय.

बोअरचं पाणी घालू नका, त्यातला क्षार आत थर धरतो. कूलंट तयार मिसळलेलं असेल तर तसंच ओता. घट्ट असेल तर डब्यावर दिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा. रंग बघून दोन कूलंट एकत्र करू नका, रंगाचा कुठलाही ठरलेला नियम नाही. काढलेलं कूलंट लगेच बाटलीत भरून बंद करा. ते चवीला गोड असतं आणि बिल्डिंगमधल्या कुत्र्या-मांजरांसाठी जीवघेणं.

इथवर सगळं नीट झालं तरी गाडी पहिल्याच चढाला तापते, कारण आत हवा अडकलेली असते. पाइप भरलेला दिसतो, पण थर्मोस्टॅटजवळ, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणाऱ्या झडपेजवळ, हवेचा फुगा बसलेला असतो. थर्मोस्टॅटला गरम पाणी लागतच नाही, म्हणून तो उघडत नाही. तापमानाच्या काट्याचा सेन्सरही हवेत असेल तर इंजिन उकळत असताना काटा खाली दिसतो. यावर उपाय असा: बॅटरीची वायर परत जोडा, गाडीचं तोंड रॅम्पवर चढतं ठेवा, हीटर पूर्ण गरमवर करा, थंड इंजिनावर झाकण उघडं ठेवून हळूहळू भरा आणि मग स्टार्ट करा. बुडबुडे येत राहतील. थर्मोस्टॅट साधारण 82 ते 88 अंशांना उघडला की वरचा पाइप एकदम तापतो आणि पातळी झपकन उतरते. तेवढं भरा, बुडबुडे थांबले की झाकण लावा. ज्या गाड्यांना रेडिएटरवर झाकणच नसतं, तिथे कूलंटच्या टाकीतून भरायचं आणि हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा, बहुधा थोडी उतरलेली असते.

तरी काही बिघडलंच तर? हीटरमधून गार हवा येत असेल तर हवा राहिलीय. काटा वर पण खालचा पाइप गारच, तर हवा नाहीतर थर्मोस्टॅट. गाडी थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा होत असेल तर पाइपाचा दोष नाही, झाकणातला उलटा व्हॉल्व्ह अडकलाय, झाकण बदला. थंड इंजिन सुरू करताच पाइप दगडासारखा टणक होत असेल आणि बुडबुडे थांबतच नसतील, तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनाच्या वरच्या आणि खालच्या भागामधल्या सीलची, शंका घ्या. तिथे घरचं काम संपतं, फिटरला बोलवा.

घाटात वरचा पाइप फाटला तेव्हा खालचा शाबूत होता. बदलल्यावर तो मी उभा चिरून पार्किंगमधल्या कपाटात ठेवलाय. बाहेरून काळाभोर, आतून टोकापाशी चिरांची जाळी. शेजारचे कोणी 'माझा तर चांगला दिसतोय' म्हणाले की तो काढून दाखवतो.